माणूस तोच, संस्था वेगळी

नेतृत्वाचे प्रकार आपण सगळ्यांनी बी.एड.ला पाठ केलेत. हुकूमशाही, लोकशाही, मुक्त. सर्वोत्तम कोणता, तेही लिहिलं. पण कोणत्या संस्थेसाठी, हे कुणी विचारलंच नाही!

अमेरिकेतले रॉन जॉन्सन बघा. ॲपलची गाजलेली दुकानं त्यांनी उभी केली. नोव्हेंबर २०११ मध्ये ते जेसी पेनी या शंभर वर्षांहून जुन्या दुकानसाखळीचे प्रमुख झाले. आल्या आल्या त्यांनी कूपनं आणि सततचे सेल बंद करून रोजचा एकच भाव ठेवला. आधी चार दुकानांत करून पाहिलं नाही. ॲपलचा फोन घ्यायला लोक आपणहून येतात. शर्ट मात्र शेजारच्या दुकानातही मिळतो. इथल्या गिऱ्हाइकाला तर घासाघीस केल्याचं समाधान कूपनातच मिळायचं. २०१२ मध्ये विक्री सुमारे २५ टक्क्यांनी घसरली आणि एप्रिल २०१३ मध्ये त्यांना जावं लागलं. माणूस हुशारच होता हो.

आता आपल्याकडे या. मोठ्या शाळेतून द्विशिक्षकी शाळेत आलेल्या मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी लेखी सूचना काढली, तर सही करायला समोर एकच सहकारी! तिथं आधी चहा घेत बोलावं लागतं.