तांब्या सपाट का दिसतो?

प्रश्न : तांब्याची बाह्यरेषा नीट जमते, पण छायाप्रकाश दिला की तो पत्रा कापून ठेवल्यासारखा दिसतो. काय चुकत असावे?

उत्तर : बहुधा वस्तूची निवडच. स्टीलचा तांब्या आरशासारखा आजूबाजूचे सगळे दाखवतो. त्यावर काळे-पांढरे पट्टे अचानक बदलतात आणि नवशिका गोंधळतो. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या वस्तुचित्राची तयारी करणाऱ्यांनीही आधी मातीचे मडके किंवा अंडे घ्यावे.

मग उजेड. दिवे बंद करून एकाच खिडकीचा प्रकाश ठेवावा. डोळे किलकिले केले की बारकावे विरतात आणि पाच गोष्टी उरतात : उजळ भाग, मध्यम छटा, गडद पट्टा, त्यापलीकडे कडेला टेबलावरून परतलेला मंद उजेड आणि टेबलावरची पडछाया. हा परतलेला उजेड विसरून कड काळी केली, की गोलाई संपलीच. पडछाया बुडाशी सर्वांत गडद असते, दूर जाताना फिकट होते.

चित्राआधी कागदाच्या कोपऱ्यात पाच चौकोनांची छटापट्टी करावी. फिकट छटांना एचबी, मधल्यांना २बी, गडदाला ६बी पेन्सिल. बोटाने घासणे टाळावे, कारण त्वचेच्या तेलाने कागदावर डाग पडतात.

मडके आठ-दहा वेळा जमले, की स्टीलचा तांब्या पुन्हा समोर ठेवायला हरकत नाही.