मँगोस्टीनची रोपे बियांपासून

परदेशी फळाचे बी हाती आले म्हणजे ते उन्हात वाळवून पुढील हंगामासाठी जपून ठेवण्याकडे आपला कल असतो. धान्याच्या बियाण्यास ही रीत योग्य. मँगोस्टीनच्या बियांस मात्र ती घातक होय. हे बी वाळले की मरते. म्हणून फळ फोडताच बियांवरील गर धुऊन त्या त्याच दिवशी पेराव्यात. ते न जमल्यास नारळाच्या ओलसर भुशात ठेवून थोड्याच दिवसांत लावाव्यात.

मँगोस्टीन हे मलाया-इंडोनेशियाकडील, आपल्या रातांब्याच्या कुळातील झाड आहे. रातांब्याच्या बियांपासून झालेल्या रोपांत सुमारे निम्मी नर निघतात. मँगोस्टीनचे बी परागसिंचनावाचून तयार होत असल्याने रोपे मातृवृक्षासारखीच निपजतात.

पेरणीसाठी सर्वांत मोठे, भरदार बी निवडावे. माती, वाळू व कुजलेले शेणखत भरलेल्या खोल पिशवीत ते सुमारे १ सेंटिमीटर खोल पेरावे. सोटमूळ लांब व बाजूची मुळे विरळ असल्याने मुळांभोवतीची हुंडी फुटल्यास रोप दगावते. सुमारे २ वर्षांचे रोप पावसाळ्याच्या आरंभी जपून लावावे. पहिली काही वर्षे सावली व नियमित पाणी आवश्यक आहे. नारळ-सुपारीच्या बागेत ही सोय आपोआप होते.

फळ धरण्यास ८ ते १० वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. ही गोष्ट ग्रामसेवकांनी शेतकरी बंधूंस आरंभीच स्पष्ट सांगावी, आणि प्रथम दोन-चार झाडेच लावण्याचा सल्ला द्यावा.