सहल एकत्र, तपासणी ज्याची त्याची

आपला बुलढाणा जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. तरीही दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली की वरवट बकाल, संग्रामपूर, शेगाव या भागातील कुटुंबे आणि मित्रमंडळी मालवण-तारकर्लीचा बेत आखू लागतात. सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा, ताजी मासळी खायची आणि आता त्यात एक नवी भर पडली आहे, ती म्हणजे स्कूबा डायव्हिंग. पाठीवर हवेची टाकी बांधून, तोंडातील नळीने श्वास घेत पाण्याखाली फिरायचे आणि मासे व प्रवाळ पाहायचे, असा हा प्रकार. फ्रान्सचे नौदल अधिकारी जाक कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी १९४३ साली तयार केलेल्या उपकरणामुळे हे साध्य झाले.

हौसेला मोल नसते हे खरे. पण शरीराला नियम असतात. घरातील सर्वजण एका गाडीत बसू शकतात, एका पंगतीत जेवू शकतात. मात्र सर्वजण सारख्याच खोलीवर उतरू शकत नाहीत. म्हणून अशा सहलीची आखणी कशी करावी, याचा विचार आजच्या लेखात करू.

एक नमुन्याचे कुटुंब

समजा, एका घरातील सहाजण निघाले आहेत. पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्याने स्कूबाचे रीतसर प्रशिक्षण घेतले आहे. काका गावातील विहिरीत लहानपणापासून सूर मारत आले आहेत. वहिनींना पोहता येत नाही. आत्याला दम्याचा त्रास आहे. आजोबांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. नात आठ वर्षांची आहे. यांपैकी सर्वांत जास्त धोका कोणाला, असे विचारले तर बहुतेक लोक वहिनींचे नाव घेतील. परंतु वहिनी भीतीपोटी मार्गदर्शकाचा शब्द न् शब्द पाळतील. काळजी घ्यायला हवी ती काकांची! ती का, हे समजण्यासाठी थोडे शास्त्र पाहू.

विहिरीतील सूर आणि समुद्रातील श्वास

जमिनीवर आपल्या शरीरावर हवेचा १ वातावरण इतका दाब असतो. समुद्रात दर १० मीटर खोलीला त्यात आणखी १ वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६२ साली मांडलेला नियम शाळेत सर्वांनी वाचला आहे : दाब वाढला की हवा आकसते, दाब कमी झाला की फुगते.

विहिरीत सूर मारणारा काठावर छाती भरून श्वास घेतो. तो खाली गेला की छातीतील हवा आकसते आणि वर आला की मूळच्या आकाराची होते. त्याने श्वास कोंडून धरला तरी फुफ्फुसाला इजा होत नाही. स्कूबात मात्र श्वास खालीच घेतला जातो आणि टाकीवरील यंत्र त्या खोलीइतक्याच दाबाची हवा पुरवते. १० मीटरवर ५ लिटर हवा छातीत भरून कोणी श्वास कोंडला आणि तसाच वर आला, तर पृष्ठभागावर तीच हवा १० लिटर होऊ पाहते. इतकी जागा छातीत नसते. फुफ्फुस फाटते, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतात. भरलेल्या छातीने श्वास रोखून अवघ्या चार-पाच फुटांवरून वर आल्यानेही असे घडू शकते. ‘आम्ही फार खोल जाणार नाही’ एवढ्यावर निर्धास्त राहू नये ते यासाठीच.

म्हणून स्कूबाचा पहिला आणि शेवटचा नियम एकच : श्वास कधीही रोखू नये. विहिरीत पोहणाऱ्याच्या अंगी नेमकी उलटी सवय मुरलेली असते. जरा घाबरले की तो श्वास कोंडतो आणि पाय मारून वर झेपावतो. अशा पट्टीच्या पोहणाऱ्याने स्वतःला नवशिका समजूनच उतरावे आणि कंबरभर पाण्यात नळीतून संथ श्वास घेण्याचा सराव आधी करावा.

जाता जाता एक गैरसमज दूर करू. टाकीत ‘ऑक्सिजन’ असतो असे लोक म्हणतात. हौशी लोकांच्या टाकीत बहुधा आपण घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. त्या हवेत मुख्यतः नायट्रोजन असतो. त्याची गोष्ट पुढे येईलच.

कोणी उतरू नये?

फिट येणारे, हृदयविकार असलेले, गर्भवती स्त्रिया, कानाचा पडदा फाटलेले, पूर्वी छातीत हवा साचून फुफ्फुस मिटण्याचा प्रकार झालेले आणि ज्यांचा दमा आटोक्यात नाही, अशांनी पाण्याखाली जाऊ नये. दम्यामध्ये श्वासनलिका आवळल्या की हवा आत अडकते आणि वर येताना तीच फुगते. क्षयरोग होऊन बरा झालेल्यांच्या फुफ्फुसावर कधी कधी व्रण राहतात. त्यांनी छातीचा एक्स-रे काढून डॉक्टरांचे मत घ्यावे. इन्शुलिन घेणारे मधुमेही, सिकलसेलचे रुग्ण, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे यांनीही आधी विचारावे. दहा वर्षांखालील मुलांना बहुतेक प्रशिक्षण संस्था समुद्रात स्कूबासाठी घेत नाहीत.

ही तपासणी मालवणच्या किनाऱ्यावर करून भागत नाही. निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे आपल्या गावच्या डॉक्टरांकडे किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात रक्तदाब, छाती व कान तपासून घ्यावेत. बोटीवर चढण्याआधी आरोग्याचा एक अर्ज भरून घेतात. त्यावर सरसकट ‘नाही, नाही’ अशा खुणा करून सही ठोकणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक होय.

कान, नाक आणि चष्मा

खाली जाताना सर्वांत आधी तक्रार करतो तो कान. पडद्याच्या आतील हवा आकसते आणि पडदा आत ओढला जातो. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हळूच फुंकर मारल्यास किंवा आवंढा गिळल्यास आत हवा जाऊन दाब सारखा होतो. हे कान दुखण्याची वाट न पाहता, खाली उतरताना दर दोन-तीन फुटांवर करावे. तरी दुखलेच तर खुणेने थांबवून थोडे वर यावे. जोर लावून फुंकू नये. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरूच नये. सर्दीची गोळी घेऊन उतरावे तर तिचा असर पाण्याखालीच ओसरू शकतो आणि वर येताना हवा कोंडते.

चष्म्यावर मास्क बसत नाही, काड्यांच्या फटीतून पाणी शिरते. नंबरच्या काचेचा मास्क मिळतो का, हे आधी विचारावे. भरघोस मिशांतूनही मास्कमध्ये पाणी झिरपते. ही मंडळी घाबरू नयेत म्हणून आत आलेले पाणी नाकाने फुंकून बाहेर कसे काढायचे, ते उथळ पाण्यात शिकून घ्यावे.

तीन गट करावेत

आता आखणीकडे वळू. निघण्यापूर्वीच घरात बसून तीन गट पाडावेत.

पहिला गट प्रशिक्षित लोकांचा. पहिल्या पायरीचे प्रमाणपत्र साधारणपणे १८ मीटरपर्यंत उतरण्याचे असते. ते प्रमाणपत्र त्या व्यक्तीपुरते आहे, इतरांना शिकवण्याचा परवाना नव्हे. पुतण्याने काकांचा हात धरून ‘चला, मी आहे ना’ म्हणू नये. त्याने आपल्या तोडीच्या जोडीदाराबरोबर वेगळी फेरी घ्यावी. वर्षभर पाण्यात गेला नसेल तर आधी उजळणी करावी. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्कूबा संस्थेत रीतसर शिक्षण मिळते. ज्यांना खरी गोडी लागली असेल त्यांनी पुढच्या खेपेस चार दिवस काढून शिकावे.

दुसरा गट नवशिक्यांचा. पोहता येवो वा न येवो, काका व वहिनी दोघेही याच गटात. यांनी प्रशिक्षित मार्गदर्शकासोबत उथळ पाण्यातच राहावे आणि प्रत्येकामागे एक स्वतंत्र मार्गदर्शक असावा, असा आग्रह धरावा. उथळ पाणी म्हणजे कमी मजा असे मुळीच नाही. पाण्यात लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो. जसजसे खोल जावे तसतसे सर्व निळे-हिरवे दिसू लागते. रंग पाहायचे तर उजेडाचे वरचे पाणीच बरे.

तिसरा गट न उतरणाऱ्यांचा. आजोबा, आत्या आणि लहानगी यांच्यासाठीही बेत हवा. त्यांना किल्ल्यावर न्यावे. १६६४ साली शिवाजी महाराजांनी ज्याची उभारणी सुरू केली, तो सिंधुदुर्ग डोळे भरून पाहायला अर्धा दिवस सहज जातो. कोणी ऐनवेळी ‘मला नको’ म्हटले तर त्याची चेष्टा करू नये. भीती ही शरीराची सूचना असते. लाजेकाजेस्तव पाण्यात उतरलेला माणूस खाली गेल्यावर घाबरतो आणि त्याच्याबरोबर दुसऱ्याचाही जीव धोक्यात येतो.

पोरांनी ‘पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो’ अशी पैज लावू नये, हेही सांगून ठेवावे. भराभर श्वास घेऊन मग बुडी मारली की श्वासाची ऊर्मी उशिरा येते आणि तत्पूर्वीच शुद्ध हरपू शकते.

बोटीवर बसताना

पाण्याखालच्या धोक्याची चर्चा करताना आपण पाण्यावरचा धोका विसरतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा आटोपून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. म्हणून बोटीत पाय ठेवल्यापासून किनाऱ्याला लागेपर्यंत लाइफ जॅकेट अंगावर हवेच. फोटोसाठीही काढू नये. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे दिसली तर दुसरी बोट पाहावी. मे महिन्याच्या अखेरीस समुद्र खवळू लागतो आणि पावसाळ्यात हा खेळ बंद असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. फेरी सकाळची घ्यावी, दुपारनंतर वारा वाढतो.

आदल्या रात्री मद्यपान नको, जागरण नको. शेगावहून लांबचा प्रवास करून पोचल्या पोचल्या पाण्यात उडी नको. एक रात्र नीट झोप घ्यावी. सकाळी पोट अगदी रिकामे नको, तसेच तर्रीदार रश्श्याने तुडुंब भरलेलेही नको. दोन तास आधी हलका नाश्ता करावा व पाणी भरपूर प्यावे. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. पण त्या गोळीने झोप येते का, हे घरी असतानाच पाहून ठेवावे.

परतीचा घाट

आता नायट्रोजनची गोष्ट. दाबाखाली श्वास घेताना हा वायू रक्तात व स्नायूंत विरघळतो. दाब हळूहळू कमी झाला तर तो श्वासावाटे निघून जातो. एकदम कमी झाला तर सोड्याची बाटली फोडल्यावर फसफसते तसे शरीरात बुडबुडे होतात. फ्रान्सच्या पॉल बेर यांनी हे कारण १८७८ साली दाखवून दिले आणि टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके ब्रिटनच्या जे. एस. हाल्डेन यांनी १९०८ साली प्रसिद्ध केली. म्हणूनच मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नये आणि खोल फेरीनंतर ५ मीटरवर ३ मिनिटे थांबावे, असे शिकवतात.

पाण्याबाहेर आल्यावरही वायू शरीरात काही तास उरतोच. उंचावर हवेचा दाब कमी असतो. त्यामुळे एका फेरीनंतर किमान १२ तास आणि अनेक फेऱ्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास करू नये, अशी मार्गदर्शक सूचना डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था देते. सुमारे ६०० मीटरपेक्षा जास्त उंचीचे डोंगरही त्यात धरले जातात. आपण विदर्भातले लोक परतताना सह्याद्री चढतोच! आंबोली सुमारे ६९० मीटर उंच आहे. कोणी वाटेत महाबळेश्वर करतो, ते तर १३५० मीटरच्या घरात. उथळ पाण्यातल्या एखाद्या छोट्या फेरीत हा धोका फार कमी असतो. पुतण्यासारख्या, दोन दिवस खोल उतरलेल्या माणसाला तो जास्त. म्हणून स्कूबा सहलीच्या सुरुवातीला ठेवावे आणि निघण्याआधीचा पूर्ण दिवस किल्ला, देवळे व बाजार यांसाठी राखावा.

घरी आल्यावर

स्कूबानंतर साधारण २४ तासांत सांधे दुखणे, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा, चक्कर, बोलताना जीभ जड होणे, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त किंवा विलक्षण थकवा जाणवला तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून झोपून राहू नये. रुग्णाला आडवे झोपवावे, १०८ ला फोन करावा आणि शक्य तितक्या लवकर ऑक्सिजन मिळेल असे पाहावे. डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगावे : ‘आम्ही समुद्रात स्कूबा केले होते, इतके खोल, इतका वेळ.’ आपल्या भागातील डॉक्टरांना असा रुग्ण रोज दिसत नाही. तुम्ही सांगितले नाही तर त्यांच्या मनात ती शंका येणे कठीण. या आजाराचा खरा उपचार दाबकक्षात होतो आणि असे कक्ष मोजक्याच मोठ्या ठिकाणी असतात. म्हणून वेळ दवडू नये.

सहलीचा बेत ठरवताना सर्वांत धीट माणसाकडे पाहू नये, सर्वांत नाजूक प्रकृतीच्या माणसाकडे पाहून ठरवावे. कोण किती खोल गेला, याची बढाई चार दिवस टिकते. गेले तेवढे सगळे धडधाकट घरी परतले, तीच सहल यशस्वी समजावी.