परत बोलावलेली मोटरसायकल

विकलेल्या गाड्यांमध्ये सुरक्षेला बाधक दोष आढळल्यास कंपनी त्या परत बोलावते, याला व्यवहारात ‘रिकॉल’ म्हणतात. नाव तसे असले तरी गाडी कारखान्यात जात नाही, मालकाने ती अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन विशिष्ट भाग विनामूल्य तपासून वा बदलून घ्यायचा असतो.

नव्या मॉडेलच्या बाबतीत हा प्रसंग किती लवकर ओढवतो, याचे बोलके उदाहरण रॉयल एनफिल्डच्या नव्या क्लासिक ३५० चे आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ती बाजारात आली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, १ सप्टेंबर ते ५ डिसेंबर या काळात तयार झालेल्या २६,३०० गाड्या तपासणीसाठी बोलावल्या गेल्या. दोष मागील ड्रम ब्रेकच्या आधाराचा होता. ड्रम ब्रेक दाबला की ब्रेकची तबकडी चाकाबरोबर फिरू पाहते आणि स्विंग आर्मवर, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावर, जोडलेला एक आधार तिला रोखून धरतो. पायाच्या ब्रेकवर असाधारण जोर पडल्यास हा आधारच निकामी होऊन ब्रेकचा आवाज येण्याची व त्याची पकड कमी होण्याची शक्यता होती.

असा दोष विक्रीपूर्वीच का सापडत नाही, हा प्रश्न रास्त आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत होणारी मान्यता-चाचणी नमुन्याच्या गाडीवर होते. पुढे पुरवठादाराकडून येणाऱ्या सुट्या भागांच्या प्रत्येक खेपेची हमी ती देऊ शकत नाही. मे २०२१ मध्ये याच कंपनीने भारतासह सात देशांत बोलावलेल्या २,३६,९६६ गाड्यांत रचना निर्दोष होती, इग्निशन कॉइलच्या काही खेपा मात्र सदोष होत्या. म्हणून रिकॉल जाहीर करणाऱ्या कंपनीला नावे ठेवण्याची रीत उफराटी आहे. चिंता वाटावी ती गप्प बसणाऱ्या कंपनीची.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने घातलेले कलम ११०-अ सरकारला सक्तीच्या रिकॉलचा अधिकार देते. कायद्याचा हात कंपनीपर्यंत पोहोचतो; मालकापर्यंत सूचना पोहोचणे ही मात्र वेगळीच गोष्ट.

प्रस्तुत लेखकाचा अनुभव नेमका याच दुव्याचा आहे. बाजारात येताच घेतलेल्या (आणि वर उल्लेखिलेल्या कंपनीच्या नसलेल्या) त्याच्या गाडीतून पेट्रोलचा वास येऊ लागला, तेव्हा कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने नळीची क्लिप दोनदा आवळून दिली आणि लेखकाने समाधान मानले. ती नळी कंपनी चार महिन्यांपासून फुकट बदलून देत आहे, हे कळले ते पेट्रोल पंपावर भेटलेल्या, तीच गाडी चालवणाऱ्या एका अनोळखी गृहस्थाकडून. शोरूममध्ये नोंदवलेला मोबाइल क्रमांक लेखकाने मधल्या काळात बंद केला होता आणि मोफत सर्व्हिसिंग संपल्यावर अधिकृत केंद्राची पायरीही चढलेली नव्हती. चूक सर्वस्वी कंपनीची होती, असे म्हणता येत नाही.

यावरून निघणारी दक्षता साधी आहे. चॅसी नंबर हा सतरा अक्षर-अंकांचा असतो, तो आरसीवर छापलेला आणि बहुधा हँडलच्या मुळाशी सांगाड्यावर कोरलेला सापडतो, आणि गाडी रिकॉलमध्ये मोडते की नाही हे मॉडेलच्या नावावरून नव्हे, तर त्याच क्रमांकावरून ठरते. शेजाऱ्याची तशीच गाडी सुटली म्हणून आपली सुटली असे समजू नये. वापरलेली गाडी घेणाऱ्याने तर या क्रमांकावरून रिकॉलची चौकशी व्यवहारापूर्वीच करावी, कारण कंपनीच्या दप्तरी पत्ता पहिल्या मालकाचा असतो. काम झाल्यावर बदललेल्या भागाची नोंद जॉब कार्डवर लिहून घ्यावी आणि त्यासाठी पैसे मागितल्यास ठामपणे नकार द्यावा.

मोबाइल क्रमांक बदलला असेल, तर तो शोरूमला आजच कळवावा.