बाटलीच्या मागे काय लिहिलंय?

नाशकात सध्या ‘हेल्दी कुकिंग’ शिकवणाऱ्यांचं पेव फुटलं आहे. कॉलेज रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत कुठल्याही सोसायटीच्या लिफ्टमध्ये एखादा कागद चिकटवलेला असतोच: तेल कमी, मैदा नाही, साखर नाही, शंभर टक्के प्लांट बेस्ड. माझं भांडण त्या सगळ्यांशी नाही, एकीशी आहे. तिचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचंय त्यांनी एव्हाना ओळखलंच असेल.

आमच्या घरची परिस्थिती अशी. ह्यांचं बीपी आणि शुगर दोन्ही काठावर. डॉक्टरांनी बजावलेलं: मीठ कमी, तेल कमी, भाजी भरपूर. मुलीला हवं चायनीज, तेही सिग्नलजवळच्या गाडीवरचं लालभडक. आणि सासूबाई माळकरी. माळ घातलेल्या माणसाच्या घरात स्वयंपाक कसा करावा लागतो ते सांगत बसत नाही. तिघांना चालेल असा एकच पदार्थ हवा होता आणि भाज्यांचा स्टर फ्राय त्यात बरोबर बसत होता. कल्पना चांगलीच होती, अजूनही आहे. म्हणून तर एवढा राग येतो.

क्लास मॅडमच्या फ्लॅटवरच होता. ओट्यावर लाल-पिवळी ढोबळी मिरची, ब्रोकोली, झुकिनी, बेबी कॉर्न, टोफू. “सगळं इम्पोर्टेड क्वालिटी” असं त्या दोन-तीनदा म्हणाल्या. अहो, ती मिरची आपल्या दिंडोरीकडच्या शेडनेटमधली असते, ब्रोकोलीही इथलीच! पण बोलले नाही. मी एवढंच विचारलं, “मॅडम, ह्यात सगळं शाकाहारी ना? घरी माळकरी आहेत.” त्यांचं उत्तर सगळ्यांनी ऐकलं: “अहो ताई, प्लांट बेस्ड म्हणजे शाकाहाराच्याही वरचं!”

पुढे अर्धा तास अजिनोमोटो किती घातक, यावर व्याख्यान झालं. मग स्वतःचा ‘हेल्दी स्टर फ्राय सॉस’ म्हणून छोट्या बाटल्या निघाल्या. वर हिरव्या पानाचं लेबल, मॅडमचं नाव, खाली ‘नो केमिकल्स’. फीमध्ये एक बाटली, जादा हवी तर वेगळे पैसे. मी जादा घेतली. बिल मागितलं तर म्हणाल्या, “क्लासचं कुठे बिल असतं ताई?”

भाजी घरी छान झाली, हे मान्य करायलाच हवं. आईंनी कौतुक करून खाल्ली, वर पुन्हा वाढून घेतली.

नंतर एका संध्याकाळी भांडी आवरताना ती बाटली हातात आली. तोंडापासून खाली सॉसचा ओघळ वाळून चिकटला होता, म्हणून नळाखाली धरली. ओल्या बोटाने चोळता चोळता हिरव्या लेबलचा कोपरा सुटला. खाली आणखी एक लेबल. चौकोनात तपकिरी त्रिकोण. पहिल्यांदा मला वाटलं, डाग आहे. नखाने खरवडलं, जात नव्हता. मुलीला हाक मारली. तिने मोबाइलचा टॉर्च लावून अक्षरं वाचायला सुरुवात केली. पाणी, साखर, मीठ, ऑयस्टर अर्क, स्टार्च, आयएनएस ६२१. ऑयस्टर म्हणजे कालवं. आणि हे ६२१ म्हणजे काय ते मुलीने लगेच शोधलं: मोनोसोडियम ग्लुटामेट. म्हणजे ज्याच्यावर अर्धा तास व्याख्यान झालं तेच अजिनोमोटो!

नळ तसाच वाहत होता. माझे हात थरथरत होते, ते भीतीने नव्हे. कालवांपेक्षाही मला ते वरचं लेबल झोंबलं. सॉस बनवणाऱ्या कंपनीने नियमाप्रमाणे खूण छापली होती, घटक छापले होते. झाकलं ते हिने. नेमकं त्या त्रिकोणावर पान चिकटवलं होतं.

फोन केला. आधी “चवीपुरतं असतं हो ते.” मग “हॉटेलात जाता तेव्हा विचारता का?” मग “मी स्वतः प्युअर व्हेज आहे, मला काय माहीत ऑयस्टर म्हणजे काय?” मी म्हटलं, माहीत नव्हतं तर झाकलं कशाला? त्यावर म्हणाल्या, “ते ब्रँडिंग आहे, तुम्हाला नाही कळणार.” रात्री मी क्लासच्या ग्रुपवर लेबलचा फोटो टाकला. पाच मिनिटांत फोटो गायब, मीही गायब. ज्या बायका क्लासमध्ये माझ्याच शेजारी उभ्या होत्या, त्यांतल्या एकीचा निरोप आला: “ताई, कशाला वाढवता?” एकीने मात्र हळूच स्वतःच्या बाटलीचं लेबल सोलून फोटो पाठवला. तिथेही तोच त्रिकोण.

आईंना सांगणं भाग होतं. त्या म्हणाल्या, “तू विचारलं होतंस ना? मग पाप सांगणारीचं.” दुसऱ्या दिवशी उपास धरला आणि त्यांच्या बाजूने विषय मिटवला. माझा मिटलेला नाही.

असो. आता ज्यांना घरी हा पदार्थ करायचाय त्यांच्यासाठी. भाज्या कोणत्याही घ्या. त्यांच्यात फसवणूक नसते, ती बाटलीत असते. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मांसाहारी खूण पूर्वी तपकिरी ठिपका होती, आता तपकिरी त्रिकोण आहे. जुना माल घरात असेल तर दोन्ही लक्षात ठेवा. हिरव्या ठिपक्यात दूध आणि मध चालतात, त्यामुळे पूर्ण वनस्पतिजन्य हवं असेल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची २०२२पासूनची वेगळी व्हीगन खूण शोधा. ‘प्लांट बेस्ड’ हे शब्द कुणीही छापून घेतं. ऑयस्टर सॉस मशरूमचाही मिळतो, हिरव्या ठिपक्यासह, तो खुशाल घ्या. पण फिश सॉस, मूळ पद्धतीचा वूस्टरशायर सॉस (त्यात अँकोव्ही मासे असतात), थाई करी पेस्ट (बहुतेकींत सुकट), किमची ह्या चार ठिकाणी मागची बाजू वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि ऑयस्टर मशरूम, म्हणजे आपली धिंगरी अळिंबी, हिचा कालवांशी काही संबंध नाही. त्या प्रकारानंतर आमच्याकडे धिंगरीवरही बंदी आली होती. ती उठवताना मला नाकी नऊ आले.

दुसरी गोष्ट मिठाची, आणि ती ‘हेल्दी’ म्हणवणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे २,००० मिलिग्रॅम सोडियमच्या आत. साध्या सोया सॉसच्या एका टेबलस्पूनमध्ये ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. मॅडमच्या कृतीत चार माणसांना तीन टेबलस्पून सोया, वर तो कालवांचा सॉस, वर चिली सॉस, आणि शेवटी “चवीनुसार मीठ”. नुसता सोयाच धरला तरी माणशी पावणेसातशे मिलिग्रॅम, दिवसाच्या मर्यादेचा तिसरा हिस्सा एका वाटीत. बीपीच्या माणसाला हे खाऊ घालून वर ‘तेल कमी’चं कौतुक! गंमत म्हणजे अजिनोमोटोत सोडियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं आणि मिठात ३९. शिव्या मात्र एकट्या अजिनोमोटोला.

मी आता चार माणसांना चहाचा एक चमचा सोया सॉस घालते आणि वरून मीठ अजिबात नाही. चव कुठून आणायची? गिरणाऱ्याकडचा पिकलेला टोमॅटो बारीक चिरून कढईत त्याचा गोळा होईपर्यंत परतायचा; सॉसमधली ती खोल चव त्यात उपजतच असते. शेवटी लिंबू, ताजी कुटलेली मिरी, भाजलेले तीळ. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळा.

भाजी पाणचट होते, अशी तक्रार सगळ्यांची असते. त्याला दोन कारणं आणि दोन्ही क्लासमध्ये कुणी सांगितली नाहीत. एक, भाजी ओली असते. धुऊन चाळणीत निथळवा आणि पंचावर पसरून खरोखर कोरडी होऊ द्या. मी दुपारी चिरून ठेवते, रात्री करते. दुसरं, गॅस. चायनीजच्या गाडीवरची भट्टी कान बधिर करणारा आवाज करत पेटते. आपल्या बर्नरला ते जमत नाही. चौघांची भाजी एकदम ओतली की कढई थंड पडते, पाणी सुटतं आणि भाजी परतली न जाता शिजते. म्हणून दोन-तीन घाणे काढायचे, ताटात पसरायचे, शेवटी एकत्र करून सॉस फिरवायचा. झाकण ठेवायचं नाही. माझ्या आईने कोबीची भाजी जन्मभर झाकण ठेवून, वर पाणी घालून केली. ती तिच्या जागी उत्तम, इथे नको.

कढई लोखंडी किंवा बिडाची. मॅडम विकत होत्या ती नॉनस्टिक मोठ्या आचेसाठी नसते. तो लेप २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब होऊ लागतो आणि रिकामी कढई मोठ्या गॅसवर तिथवर लवकर पोचते. टोमॅटो किंवा लिंबू घातलेली भाजी मात्र लोखंडी कढईत तशीच ठेवू नका, काळी पडते आणि चव धातूची येते. तेल शेंगदाण्याचं रिफाइंड. लाकडी घाण्याचं लवकर धुरावतं, ते फोडणीला ठेवा. क्लासमध्ये महागातलं ऑलिव्ह तेल धूर निघेपर्यंत तापवलं होतं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती म्हणणाऱ्यांना सांगते: शंका आली होती, विचारलंही होतं, उत्तर वर लिहिलंच आहे.

भाज्या बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे आपल्या गोदाकाठच्या बाजारातून आणा, ज्या दिसतील त्या. लाल-पिवळ्या मिरचीवाचून काही अडत नाही. गाजर, फरसबी आधी. फरसबीला आधी उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढायचं, अर्धी कच्ची पोटाला बाधते. मग फ्लॉवर, मग कोबी आणि ढोबळी, गॅस बंद करताना कांद्याची पात. तोंडली उभी पातळ चिरली तर इतकी सुरेख होतात की ब्रोकोलीने लाजावं. दुधी, दोडका घालू नका, पाणीच पाणी. चातुर्मासात आमच्याकडे कांदा-लसूण बंद; तेव्हा आलं दुपटीने, हिरवी मिरची आणि मूठभर भरडलेले शेंगदाणे. खरं सांगायचं तर मला तीच जास्त आवडते.

टोफू पाण्यातून काढून फडक्यात गुंडाळा, वर खलबत्ता ठेवा, अर्ध्या तासाने चौकोनी तुकडे करून आधी एकटाच लालसर परता. टोफू नको असेल तर भिजवून शिजवलेले हरभरे, नाहीतर सोया वड्या; कोरड्या वडीत निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात. घरात कुणी दूधही सोडलं असेल तर बी-१२ भाज्यांतून मिळत नाही, ते डॉक्टरांना विचारून घ्यावं लागतं. बाकी रोज चाला, रात्री उशिरा जेवू नका वगैरे तुम्हाला माहीतच आहे.

आता ज्यांच्या बाबतीत असं घडलंय त्यांच्यासाठी. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते आणि तिचा १४ आकडी क्रमांक लेबलवर हवा. हिच्या हिरव्या पानावर तो नव्हता. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, प्राधिकरणाच्या फूड सेफ्टी कनेक्टवर करता येते, आणि पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. बाटली धुऊ नका, दोन्ही लेबलं तशीच ठेवून फोटो काढा. बिल नसेल तर ऑनलाइन पैसे दिल्याचा पुरावा आणि ग्रुपवरची जाहिरात जपून ठेवा; ग्रुपमधून काढलं तरी आपल्या फोनवर जुने मेसेज राहतात, हे त्या बाईंच्या ध्यानात आलं नाही. ‘कशाला वाढवता’ म्हणणाऱ्या मैत्रिणींना तक्रारीत साक्षीदार म्हणून धरू नका, ऐनवेळी त्यांना गावाला जायचं असतं.

माझी तक्रार गेली आहे. फी परत आलेली नाही. पुढची बॅच येत्या रविवारी आहे आणि जाहिरातीत आता ‘प्युअर व्हेज’ असं वाढवलंय, असं कानावर आलं. जाणार असाल तर पैसे देण्याआधी बाटली हातात मागा आणि लेबलच्या कोपऱ्याला नख लावून बघा.