बदलापूरचे जांभूळ : नाव राखावयाचे तर झाड राखा



ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही गावे वाढत वाढत आता एकमेकांस भिडली आहेत. तरी प्रत्येकाची ओळख निराळी आहे. फाळणीनंतर लष्करी छावणीत आश्रय घेतलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीस १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथचे शिवालय शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील आहे. बदलापूरची खूण मात्र दगडाविटांची नसून पावसाळ्याच्या तोंडावर पिकणाऱ्या जांभळाची आहे.

परदेशी माल दारात आला की गावच्या मालाचे नाव पुसले जाते, असा समज आहे. तथापि जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या करारानेच मूळ स्थानाच्या नावास संरक्षण देण्याचे तत्त्व मान्य केले. त्यास अनुसरून आपल्या देशात १९९९ साली भौगोलिक मानांकनाचा कायदा झाला व २००३ साली तो अमलात आला. बदलापूरच्या जांभळानेही हे मानांकन मिळविले आहे. नोंदणी दहा वर्षांची असते व पुढे तिचे नूतनीकरण करता येते.

परंतु कायदा नावाचे रक्षण करतो, झाडाचे नव्हे. जमिनीचे भूखंड पडतात तेव्हा जुनी झाडे तुटतात. झाड गेले की त्याचा गुणही जातो. कारण बियांपासून झालेले झाड मूळ झाडासारखेच निपजेल, अशी खात्री नसते. यास्तव पुढील गोष्टी कराव्यात :

१. हंगामात मोठे फळ, लहान बी, भरपूर गर व गोडी असलेली, दरवर्षी फळणारी झाडे हेरून त्यांवर खूण करावी.

२. जांभळाच्या बियांची उगवणशक्ती लवकर नाहीशी होते. म्हणून ताजे बी लगेच पिशवीत पेरून खुंटरोपे तयार करावीत.

३. निवडलेल्या झाडाच्या काड्या घेऊन मृदुकाष्ठ कलमे बांधावीत.

४. पावसाळ्याच्या आरंभी १० मीटर अंतरावर, अथवा बांधावर, कलमे लावावीत.

५. फळे झाडावर पूर्ण पिकल्यावरच, जमिनीवर पडू न देता उतरवावीत. तोडलेले कच्चे फळ पुढे नीट पिकत नाही व पिकलेले फार टिकत नाही.

६. मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून आपली नोंद करावी.

जमीन विकावी लागलीच, तर विक्रीपूर्वी त्या झाडाच्या काड्या अवश्य घ्याव्यात. झाड उचलून नेता येत नाही. परंतु त्याचे कलम परिसरातील दुसऱ्या बांधावर वाढू शकते. झाडे उरली, तरच बदलापूरच्या नावास अर्थ राहील.