रेवदंड्याची पडकी चर्च आणि कोर्लईची माणसे



गेल्या महिन्यात आम्ही धर्मग्रामातील युवक-युवतींना घेऊन रायगड जिल्ह्यातील रेवदंड्याला गेलो. पुणे, खोपोली, पेण, अलिबाग असा लांबचा रस्ता. मुलांना समुद्र पाहायचा होता, आम्हाला त्यांना पोर्तुगीज काळातील पडकी चर्च दाखवायची होती.

रेवदंडा म्हणजे पोर्तुगीजांचे चौल. आपल्या नगरशी त्याचे जुने नाते आहे. इथे किल्ला बांधायची परवानगी १५२१ मध्ये नगरच्या बुऱ्हाण निजामशहाने दिली, आणि १५७०-७१ मध्ये नगरच्याच मुर्तझा निजामशहाने त्याला वेढा घातला. शहर पडले नाही. पुढे १७४० मध्ये ते मराठ्यांकडे आले व पोर्तुगीज निघून गेले.

आता तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. फ्रान्सिस्कनांचा 'सातखणी' मनोरा वरून ढासळला, तरी लांबून दिसतो. डॉमिनिकन व जेझुइट संघांच्याही भिंती उरल्या आहेत. छप्पर नाही, आत गवत.

एका मुलीने विचारले, "फादर, इथे चपला काढायच्या का?"

आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही. ख्रिस्तसभेच्या कायदासंहितेचे १२१२ वे कलम सांगते की पवित्र वास्तूचा बराचसा भाग नष्ट झाला, किंवा ती कायमची ऐहिक वापराला गेली, तर तिचे समर्पण संपते. म्हणजे नियमाने त्या आता साध्या भिंती. आम्ही म्हणालो, "चपला राहू दे, काटे आहेत. पण आवाज कमी करा." त्या काळी चर्चच्या फरशीखालीच मृतांना पुरण्याची रीत होती, आणि मृतांसाठी प्रार्थना करायला कलम लागत नाही. सर्वांनी उभे राहून प्रभूची प्रार्थना म्हटली.

खाडीवरचा पूल ओलांडून संध्याकाळी कोर्लईला पोहोचलो. पोर्तुगीज गेले तेव्हा इथले ख्रिस्ती मागेच राहिले. ते सरदार नव्हते, बहुतेक शेतीवर जगणारे. जाणार कुठे? त्यांची पोर्तुगीज-मराठी मिसळीची बोली आजही घराघरांत आहे. तिला ते 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. बोलणारे हजाराच्या आसपास. ती कोणत्या शाळेने नव्हे, आयांनी टिकवली. गावात कार्मेल माउलीचे चर्च आहे आणि ते वापरातले आहे.

सेमिनरीत ॲरिस्टॉटलचे 'द्रव्य आणि रूप' शिकवताना नेहमी पुतळ्याचे उदाहरण देत. (आम्हाला ते तेव्हा नीट समजले नव्हते, हे आज कबूल करतो.) रेवदंड्याला द्रव्य उरले, रूप गेले. कोर्लईत मठ, मनोरे, किल्लेदार यांतले काही उरले नाही, तरी ख्रिस्तसभा आहे.

परतताना एका तरुणाने आम्हाला पकडलेच. "मग फादर, आपल्या चर्चच्या पत्र्यांसाठी वर्गणी कशाला?" प्रश्न रास्त आहे. पत्रे गळतात, पावसाळ्यापूर्वी बदलावेच लागतील. पण त्यांच्याखाली बसणारी निम्मी मुले पुण्या-चाकणला कामाला आहेत, आणि वस्त्यांवरची संध्याकाळची रोझरी तीन-चार घरांपुरती राहिली आहे, हेही खरे.

म्हणून पुढच्या रविवारी मिस्सानंतर दाराशी दोन वह्या असतील. एक वर्गणीची. दुसरीत आपल्या वस्तीवर रोझरी कोणाच्या घरी आणि कोणत्या वारी होईल, ते लिहावे.